उतारावरचा टँकर आणि सत्तारचाचांचा पाय

दुष्काळातला एप्रिल. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता... जिल्हा नवा, पाण्याची बोंब मात्र जुनीच! आमचा ट्रॅक्टर तेव्हा उदगीरकडच्या गावांना टँकरने पाणी पोचवायचा.

चालवायला सत्तारचाचा. उतार लागला की ते वरच गाडी थांबवून खालचा गियर टाकायचे आणि मुंगीच्या पावलांनी उतरायचे. मी नुकताच कॉलेज संपवून आलेला, त्यामुळे अर्थातच शहाणा. "चाचा, बैलगाडी पुढे जाईल आपल्या," असं रोज चिडवायचो. ते नुसते हसायचे.

त्या दिवशी सकाळी मी हौसेने शेतात वखर मारला. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात एकाच बाजूचा दाबला की कडेला, धुऱ्यावर, गाडी जागच्या जागी वळते, म्हणून दोन्ही पेडल जोडणारी पट्टी मी काढली होती. रस्त्यावर येताना ती परत लावायची असते... मी विसरलो. चाचा आले ते घाईत, थेट टँकर जोडून निघाले. मी शेजारी मडगार्डवर.

पहिल्या गावापर्यंत सपाट रस्ता, ब्रेक लागलाच नाही. तिथे अर्धा टँकर रिकामा झाला. पुढच्या गावाचा उतार लागला, चाचांनी नेहमीप्रमाणे वरच खालचा गियर टाकला. उतरताना उरलेलं पाणी मागून धक्के देऊ लागलं. खालून बायका घागरी घेऊन धावत आल्या. टँकर थांबेपर्यंत धीर कोणाला? सगळ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला.

चाचांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी खस्सकन उजवीकडे ओढली गेली. बायकांकडे! मला पट्टी आठवली... पाय एकट्या उजव्या पेडलवर पडला होता!

"चाचा, क्लच दाबा!" मी ओरडलो.

"न्हाई! क्लच दाबला की गाडी मोकळी सुटंल. गियरनंच धरलंय तिला."

त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला होता. स्टिअरिंग सरळ केलं, थ्रॉटल कमी केला. मग उजवा पाय आडवा करून दोन्ही पेडलांवर एकदम ठेवला आणि हळूहळू, सारख्या जोराने दाबत गेले... मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण त्या एका पायाकडे पाहिलं तसं कोणाकडे पाहिलं नाही. गाडी थांबली तेव्हा पहिली घागर चार हातांवर होती.

"चाकाखाली दगड लाव," चाचा शांतपणे म्हणाले. मी लावला.

"पट्टी मी काढली होती, चाचा."

"तू काढली, पर निघायच्या आधी बघायचं काम माझं व्हतं. दोघंबी चुकलो." एवढंच. माझ्या घरी अवाक्षरही बोलले नाहीत.

ज्या चालीला मी रोज हसत होतो, त्या चालीनेच त्या बायका वाचल्या. त्यांना काही कळलंच नाही. नळीपाशी नंबरावरून त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं... आणि ते भांडण, ते सगळेच्या सगळे आवाज ऐकत मी टँकरमागे उभा राहून रडत होतो.