सबनीसकाकूंचं चिनी नाव

सबनीसकाकू कुणालाच अर्ध्या नावानं हाक मारत नसत. हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याची सगळी टाउनशिप मला पिंकी म्हणायची, पण कुंपणापलीकडून "मृणालिनी" अशी खणखणीत हाक आली की ती काकूंचीच. दूधवाला गुड्डू त्यांच्यापुरता गुरुचरण होता, आणि भांडीवाल्या छोटीबाईचं खरं नाव कलावती आहे हा शोधही त्यांनीच लावला. "हाक मारायची तर पुरती मारावी," त्या म्हणत. "अर्ध्या हाकेला माणूस अर्धाच येतो."

या बाईंना स्वतःला मात्र कुणी नावानं बोलावत नव्हतं, हे मला कितीतरी वर्षं सुचलंच नाही. सबनीससाहेब त्यांना "अगं" म्हणत, नागपूरकडचे पाहुणे "वहिनी" म्हणत आणि आम्ही सगळे काकू.

पुढे मीही साहेबांच्याच कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले. चिनी यंत्रं यायची ठरली, तेव्हा टाउनशिपच्या क्लबात संध्याकाळी चिनी भाषेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला त्रिवेदी सर येत. ते चीनमध्ये राहून आलेले. साहेबांना यंत्रं पाहायला चीनला जायचं होतं म्हणून ते आले, मी आले, आणि काकू न बोलावता आल्या. घरी बसून मटार सोलायचे ते इथं बसून सोलीन म्हणाल्या, आणि पहिल्या दिवशी खरंच पिशवी घेऊन बसल्या. आठवडाभरात मटार बंद झाले.

एके दिवशी सरांनी प्रत्येकाला चिनी नाव निवडायला सांगितलं. आधी आडनाव, तेही तिथं खरोखर असणारं. मग अर्थ बघून एकदोन अक्षरांचं नाव. आपल्या नावाचा नुसता आवाज चिनीत कोंबला तर ते माणसाचं नाव वाटत नाही, हे त्यांनी बजावलं होतं. तरी साहेबांनी 'सबनीस'चे तीन तुकडे करून आणलेच. सर म्हणाले, हे तर खोकल्याचं औषध वाटतंय. मग साहेबांनी मुकाट्यानं वांग हे आडनाव पत्करलं आणि सवयीनं काकूंचंही उरकून टाकलं, "इनका भी वांग लिख दीजिए।"

"वहाँ पत्नी पति का सरनेम नहीं लेती," सर म्हणाले. "नाम भी वही रहता है जो माँ-बाप ने रखा।"

मी शेजारीच बसले होते. कुणी थोबाडीत मारावी तसा काकूंचा चेहरा झाला.

"शादी के बाद भी?" त्यांनी विचारलं.

"शादी के बाद भी।"

पुढच्या वर्गात काकू सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या आणि आपलं नाव लिन छ्यौयुए असं सांगितलं. सरांनी अर्थ विचारला, तेव्हा म्हणाल्या, "लिन यानी जंगल। मेरे पिताजी मेळघाट में फॉरेस्ट गार्ड थे। छ्यौयुए यानी शरद का चाँद। मैं कोजागिरी की रात पैदा हुई, इसलिए मेरा नाम कौमुदी है।"

सर खूश झाले. अगदी अस्सल नाव आहे म्हणाले, तिथं कुणी विचारणारही नाही हे परक्यानं ठेवलंय का. मी मात्र सुन्न झाले होते. ज्यांच्या हातचे लाडू खात वाढले, त्यांचं नाव मी आज ऐकत होते. आणि साहेब तर माझ्याहून चकित.

"कौमुदी कुठली? अगं, तुझं नाव सुधा."

"सुधा तुमच्या आईंनी काढलं आणि तुम्ही अंगठीनं तांदळात लिहिलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. माझं नाव पुसून जे ठेवलंत, ते तरी तुम्ही कधी घेतलंत?"

घरी जाताना मी त्यांच्या मागेच चालत होते. एकदा तरी कौमुदी म्हणा, असं काकू सांगत होत्या. या वयात लोक हसतील, असं साहेब पुटपुटले. मला त्यांचा भयंकर राग आला.

यंत्रं बसवायला चिनी मंडळी आली, तेव्हा त्यांच्यातल्या एक प्रौढ बाई काकूंना लिनताई अशा अर्थानं हाक मारत. काकू हातातलं टाकून धावत. मीही मग कौमुदीकाकू म्हणू लागले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू म्हणतेस, बरं वाटतं गं. पण ज्यांनी पुसलं त्यांनी म्हणायला हवं."

साहेबांच्या निवृत्तीनंतर ते दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला राहायला गेले. एका संध्याकाळी काकूंनी फोन करून मला तिळाचे लाडू न्यायला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्याचा फोन आला. मी फोन करणाऱ्यालाच वेड्यासारखी सांगत राहिले, असं कसं होईल, मला लाडू न्यायला जायचंय.

दहाव्याला मी हट्टानं घाटावर गेले. गुरुजींनी मृत व्यक्तीचं नाव विचारलं. पुण्याहून आलेला काकूंचा मुलगा सुधा सांगणार, तेवढ्यात साहेबांनी त्याचा हात धरला.

"कौमुदी," ते म्हणाले. गुरुजींना नीट ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा, घाटभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "कौमुदी."

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"कोण कौमुदी, बाबा?"

साहेब माझ्याकडे वळले. मीच सांगितलं, "तुझी आई."