रशीदभाईंनी शिवलेलं हूड

"सर, रशीदभाई गेले," शेजारच्या टायरवाल्यानं फोनवर एवढंच सांगितलं. चित्रकलेचा तास अर्धा टाकून मी शाळेतून निघालो. जीप-ट्रॅक्टरची हूडं शिवणारे रशीदभाई तीस वर्षं माझे मित्र होते. महिना होऊन गेला... तरी त्यांची आठवण आली की दुःखाआधी किळसच वर येते.

इथल्या एका कारखानदारानं परदेशी बनावटीची छोटी मोटार घेतली होती. जुन्या काळातल्या गाड्यांसारखं गोल नाक, गोल दिवे आणि मागं दुमडणारं कापडी छप्पर. नारळाची झावळी पडून ते छप्पर टराटरा फाटलं. कंपनी म्हणाली, अख्खं नवं मागवावं लागेल, सहा महिने थांबा. रशीदभाई म्हणाले, "कापडच हाय की. शिवतो." जुनी शिवण त्यांनी उसवली, मी कागदावर एकेका तुकड्याचा आकार काढून दिला. हूड चढवल्यावर ते स्वतः आत बसले आणि आपल्या लेकीला, यास्मिनला, वरून बादल्या ओतायला लावल्या. दोनदा भिजून बाहेर आले, दोनदा सगळं उसवलं. तिसऱ्यांदा कोरडे उतरले आणि लहान मुलासारखे हसले...

यंदा त्याच गाडीचं नवं रूप आलं. चेहरा तोच गोल, पण दिवे नव्या तऱ्हेचे, आत मोठा पडदा आणि बटण दाबलं की छप्पर आपोआप मागं. मयतीच्या दिवशी कारखानदार तीच घेऊन आला, गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि जमलेल्यांना बटण दाबून दाखवू लागला. "बघा पावणं, शिवण दिसती का कुठं? जुनीला रशीदभाईचं ठिगळ हुतं, कोण घेईनाच." आत घरात रशीदभाईंना शेवटची आंघोळ घालत होते! आणि मी... छप्पर सरकताना बघून मी "वा!" म्हणालो. जनाजा निघाला तरी गाडी हलली नाही. खांदेकरी तिरके होऊन, भिंतीला अंग घासत गेले. दारात यास्मिन उभी होती.

परवा दुकानात गेलो. ती मशीनवर शिरोळच्या कुठल्याशा ट्रॅक्टरचं हूड शिवत होती. म्हणालो, "त्या कारखानदाराची किळस येते गं."

तिनं मशीन थांबवलं. "त्यो तसलाच हाय, सर. पण तुमीबी तिथंच हुतासा की. गाडी काढ, म्हणालासा?"

"नाही," मी म्हणालो.

ती पुन्हा वाकली. शिवण संपली की रशीदभाई आतून अंगठ्याचं नख फिरवून बघत. तसंच तिनं डोळे मिटून फिरवलं, एका जागी थांबली आणि तो टाका उसवला.

मला बसा म्हणाली नाही.