खणखणीत की बद्द

आमच्या ह्यांना सगळे ठोकेमास्तर म्हणतात. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की पैसे देण्याआधी ह्यांना दाखवायचा. हे पाठीवर सरपटत गाडीखाली शिरायचे आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, छोट्या हातोडीने वीतवीतभर अंतरावर ठोके मारत जायचे. लोखंड धड असेल तर आवाज खणखणीत यायचा. आतून गंजाने खाल्लेलं असेल तर बद्द. वरून कितीही काळा रंग फासलेला असो, ह्यांना फसवता यायचं नाही. बद्द वाजलं तिथे खडूने गोल काढायचा, आणि गोल फार झाले की बाहेर येऊन एवढंच म्हणायचं, 'नका घेऊ.' त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. तीस वर्षं हा माणूस गाड्यांखाली आडवा पडून जगला. मी म्हणायचे, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की चासीशी, एकदा काय ते सांगून टाका.

आणि गेली दोन वर्षं ह्यांना ऐकू येत नव्हतं.

मला कळलं ते असं. हे आरशासमोर दाढी करत होते आणि ह्यांच्या पाठीमागे माझ्या हातून स्टीलचं ताट निसटलं. मांजर उडून कपाटावर गेलं, शेजारीण 'काय पडलं गं?' म्हणून डोकावली, आणि हे आपले शांतपणे हनुवटी खरवडतायत. मग मी दुसरं ताट मुद्दाम पाडलं.

मी काही बोलले नाही आणि ह्यांनीही ब्र काढला नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून हे 'हो, हो, बघू' म्हणायचे. काम मात्र चालू होतं. ठोके मारायचे, गोल काढायचे, बाहेर येऊन 'नका घेऊ' म्हणायचं. प्रत्येक गाडीला! 'मास्तर हल्ली फार कडक झालेत,' असं लोक म्हणायला लागले आणि हळूहळू यायचे थांबले. कडक कसले, भ्यायले होते बिचारे. आपल्या 'हो'वर कुणी गाडी घेऊन जायचा आणि ती वाटेत दुभंगायची, या धास्तीने हे सगळ्यांनाच नाही म्हणत होते. आणि मी? चारचौघांत ज्याला कानावरून ओळखतात त्याला, 'अहो, तुमचा कान गेला,' हे कोणत्या तोंडाने सांगणार? गप्प बसले झालं.

आमची लेक नर्स आहे. दीड वर्षापूर्वी तिची नेमणूक डोंगरावरच्या दवाखान्यात झाली. वर जायला अकरा किलोमीटर कच्चा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. लसींचा बर्फाचा डबा स्कूटरच्या मागे बांधून ही रोज वर जायची. एकदा चिखलात घसरली, गळ्याजवळचं हाड मोडलं. महिनाभराने पुन्हा कामावर गेली आणि परत घसरली. त्या वेळी कडेच्या दगडाला अडकली म्हणून वाचली, आणि हे तिने आम्हाला हसत हसत सांगितलं! मला काही हसू आलं नाही. हे तिच्या ओठांकडे बघत होते. हेही हसले नाहीत.

मग एके दिवशी ती आली तीच नाचत. 'आई, गाडी मिळाली! उंच चाकांची, चारही चाकांना ताकद मिळते तिच्यात. जुनी आहे, गंजलीय, पण मोजणीकाकांची आहे.'

मोजणीकाका म्हणजे जमिनींची मोजणी करणारे निवृत्त गृहस्थ. सगळे डोंगर त्यांनी त्या गाडीने पालथे घातले होते. स्वभावाने गरीब माणूस. पण माणूस चांगला म्हणून त्याचं लोखंडही चांगलं, असं थोडंच असतं?

'बाबांनी ठोकून बघायचं,' लेक म्हणाली. 'बाबा घे म्हणाले तर घेणार, नाही म्हणाले तर नाही. दुसऱ्या कुणाला मी विचारायचीसुद्धा नाही.' आणि तिने ह्यांच्या गळ्यात हात टाकले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं मी. म्हटलं, जाऊ दे, हे नेहमीसारखं नाहीच म्हणतील. म्हणजे स्कूटर चालूच राहणार, हेही मला कळत होतं. पण स्कूटरची भीती जुनी होती, सवयीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोजणीकाकांच्या अंगणात उभे होतो. मग मी गाडी पाहिली. दारांच्या खालच्या कडा कुरतडलेल्या, पायाशी भोक, त्यातून जमीन दिसतेय. चासीला मात्र ताजा काळा रंग. 'दुपारी आणखी एक जण बघायला येतोय,' काका संकोचून म्हणाले. 'पण तुमच्या मुलीला मिळाली तर मला बरं वाटेल.'

हे हातोडी आणि खडू घेऊन खाली शिरले. ठोके सुरू झाले. आमचं स्वयंपाकघर ह्यांच्या कामाच्या शेडच्या भिंतीला लागून आहे. तीस वर्षं भाजी निवडता निवडता मी ते ठोके ऐकत आलेय. खण्ण. खण्ण. पुढची बाजू झाली, मधली झाली. मग डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ, बद्द. पुढचा ठोका, तोही बद्द.

हे बाहेर आले. खडूला हातसुद्धा लावलेला नव्हता. कपडे झटकले, लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, 'घे.'

दोन वर्षांत ह्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. 'अहो,' मी ह्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, 'मागच्या बाजूला एकदा परत बघता का?'

'बघितलं सगळं,' हे म्हणाले आणि तोंड फिरवलं.

'आई, बाबांनी बघितलं ना?' लेक वैतागली. 'तुला काय कळतं त्यातलं?' ती काकांकडे वळली आणि पर्स उघडायला लागली.

माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता आला. आता लाज धरून बसले तर पोरीला जन्मभर रडेन, एवढं मला कळलं. ह्यांच्या हातातली हातोडी मी हिसकावून घेतली आणि चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवी पडून गाडीखाली शिरले.

'आई! अगं, वेड लागलं का तुला?' लेक ओरडली. काकांनी नुसता आ वासला असणार. हे मात्र माझ्यामागोमाग खाली आले. मी मागच्या चाकाशी पोचले आणि माझ्या हाताने ठोका मारला. खण्ण. जरा पुढे, खण्ण. आणि मग बद्द. मी त्या जागेवर बोट ठेवलं आणि ह्यांच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली.

ह्यांनी त्या जागी तळहात टेकवला. मी आणखी एकदा ठोकलं. हे बराच वेळ हात तसाच ठेवून पडून राहिले. मग तोंड माझ्या कानाशी आणलं आणि कुजबुजले, 'मला ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली. पोरीला सांगू नकोस.'

ह्यांना वाटलं, आपण कुजबुजलो. पण स्वतःचाच आवाज कळत नव्हता ना ह्यांना! पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्याने हे बोलले होते. बाहेर लेकीचे बूट आणि काकांच्या चपला दिसत होत्या. येरझारा घालणारे ते बूट जागच्या जागी थांबले. हे मात्र डोळ्यांनी माझी विनवणी करत होते. त्या माणसाची मला अशी काही कणव आली की विचारू नका.

लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने वाकून आत बघितलं. तिचा चेहरा पाहिला आणि ह्यांना कळून चुकलं.

'मग घे का म्हणालात?' तिने विचारलं. हे तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. 'बाबा, मग, घे, का म्हणालात?'

'नाही म्हटलं असतं तर उद्या परत स्कूटरवरून गेली असतीस,' हे म्हणाले. 'त्या स्कूटरवरून तू पडतेस, हे मला माहीत आहे. ही गाडी मोडेल की नाही, ते माहीत नाही. रात्रंदिवस दुसरा विचार नाही डोक्यात. भीती वाटते गं मला. फार वाटते.'

लेकीने हात आत घालून ह्यांचा पाय धरला, कारण पायच तेवढा हाताशी होता. काकाच रडवेल्या आवाजात म्हणाले, 'मला खरंच ठाऊक नव्हतं हो. रंग मी मारला, पण गंज चढू नये म्हणून मारला.' मग जरा थांबून म्हणाले, 'गाडी घेऊन जा. दुपारच्या माणसाला मी नको म्हणून सांगतो. आधी दुरुस्त करा, नीट झाली तरच बाकीचं बोलू.'

घेऊन आलो. तीन आठवडे गाडी आमच्या शेडमध्ये होती. कापणं आणि वेल्डिंग डोळ्यांचं काम, त्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. सडलेला भाग कापून काढायचा, जाड पत्र्याचं ठिगळ बसवायचं आणि मग ठोकायचं. ठोकणार हे, ऐकणार मी. खणखणीत असेल तर मी एक बोट वर करायचं, बद्द असेल तर मूठ दाखवायची. ऐकायला सोपं वाटतं. तासाभराने सगळे ठोके सारखेच वाटायला लागायचे. 'परत मारा,' मी म्हणायचे. हे परत मारायचे, माझ्या हाताकडे बघत, एखाद्या शहाण्या मुलासारखे. एका सांध्याशी मला दोनदा शंका आली, तर ह्यांनी एका शब्दाने न विचारता अख्खा जोड कापून पुन्हा केला. मला उलट धडकी भरली. असा विश्वास टाकतं का कुणी माणसावर?

शेवटच्या दिवशी पुढून मागेपर्यंत एकेक वीत वाजवून झाली. हे खडू हातात धरून माझ्याकडे बघत होते आणि लेक दाराशी उभी होती. दोन वर्षं ह्यांच्या तोंडून 'हो' का निघत नव्हतं, ते मला तेव्हा नीट उमगलं. माझं बोट वर व्हायला तयार नव्हतं. मग केलं मी वर.

पहिल्या फेरीला मीही गाडीत बसले होते, पण ह्यांनी डोंगराच्या पायथ्याशी मला उतरवलं.

'तू खाली थांब.'

'का म्हणून? मी ऐकलंय, मी बसणार.'

'एकाने तरी खाली...' एवढं बोलून हे थांबले आणि दार लावून घेतलं. लेकीने गिअर टाकला.

गाडी पहिल्या वळणाआड गेली. मी रस्त्याच्या कडेला कान देऊन उभी राहिले. इंजिनाचा आवाज येत होता, मग बारीक झाला, मग येईनासा झाला. लांब गेली म्हणून की थांबली म्हणून, कळायला मार्ग नव्हता. कुठे दगड घरंगळला की मी चटकन वर बघायचे. तो सांधा मी तिसऱ्यांदा का ऐकला नाही? चौथ्यांदा का नाही? नवरा आणि मुलगी, दोघांनाही माझ्या एका बोटावर मी वर पाठवून दिलं होतं.

पन्नास मिनिटांनी फोन वाजला.

'आई, पोचलो गं!' लेक ओरडली. मला हुंदका फुटला. मागून ह्यांचा तो मोठा आवाज येत होता. 'बाबा विचारतायत, तू अजून तिथेच उभी आहेस का? घरी जा म्हणतायत.'

'नाही जाणार,' मी म्हटलं. 'अजून तुम्हाला डोंगर उतरायचाय.'