साडभाऊ ब्लॉग पुकारतात

आमच्या थोरल्या साडभाऊंइतका गप्प बसायला नालायक माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. प्रताप नगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. जन्म कुही तालुक्यातला, पण उभी हयात संत्र्याच्या मंडीत गेली, एका अडत्याकडे लिलाव पुकारण्यात. ढिगाशेजारी उभं राहून दिवसभर बोली वाढवत न्यायची, हा त्यांचा धंदा, आणि निवृत्त झाल्यावर धंदा सुटला तरी तोंड काही सुटलं नाही. घरात कुणाला पाणी मागायचं तरी शेजारच्यांना तहान लागेल असं मागायचे. आमच्याकडे आले की बसायचे थोडं, पण निघायला उठल्यावर फाटकाशी जे उभे राहायचे ते आतल्या बसण्याच्या दुप्पट. मी पायातली चप्पल काढून पुन्हा घालायचो, जांभया द्यायचो, काही उपयोग नाही. कुणाच्या मयतीला भेटायला गेले तर घरची माणसं रडता रडता थांबून त्यांचं ऐकत बसत. एकदा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना दारावरच्या ठेल्यावरून वांगी आणायला धाडलं. ठेलेवाला बिचारा नवीन, त्याला नीट ओरडता येईना, म्हणून यांनी त्याच्या वतीनं पुकारायला सुरुवात केली. गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया बाहेर आल्या, ठेला रिकामा झाला, आणि साडभाऊ मोकळी थैली हलवत घरी आले. ताई म्हणाल्या, "वांगे कुठी आहेत जी?" तर म्हणे, "सारे उठले वं, बाजार लई तेज होता."

असा हा माणूस. मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा आवाज बसला. आधी आम्ही थट्टा केली, देवानं एकदाची सुट्टी दिली म्हणालो. मग दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि थट्टा घशातच राहिली. स्वरयंत्रात गाठ होती आणि ती चांगली नव्हती. डॉक्टर म्हणाले, यंत्रच काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. साखर फार वाढलेली होती, ती आटोक्यात आणायला महिनाभर लागेल, मग ऑपरेशन. हे सांगायला साडभाऊ स्वतः माझ्याकडे आले. फाटकातच उभे राहिले आणि म्हणाले, "साडभाऊ, महिन्यानं माह्यं दुकान बंद." एवढंच बोलले आणि गेले. मी तिथंच उभा राहिलो. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात छोटं बोलणं, आणि ते ऐकून मला भीती वाटली.

त्यांची मुलगी पुण्याला असते. ती कुठल्याशा मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या गटात आहे. त्या गटानं तेव्हाच एक आव्हान काढलं होतं: महिनाभर रोज एक लेख, दुपारच्या आत ब्लॉगवर टाकायचा, एक दिवस चुकला की नाव कटलं. शेवटपर्यंत टिकेल त्याला प्रमाणपत्र. मुलीला वाटलं, बाबांचं मन रमेल, पुढं बोलता येणार नाही तर लिहायची सवय तरी होईल. तिनं फोनवर सगळं समजावलं, ब्लॉग उघडून दिला. आम्हाला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळतील. पण साडभाऊ सकाळी अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून, जणू मंडीतच निघालेत अशा थाटात अंगणातल्या खुर्चीवर बसू लागले. चष्मा कपाळावर, मोबाइल तळहातावर आणि उजव्या हाताचं एकच बोट. एकेक अक्षर दाबून झालं की मान हलवायचे. गटाकडून विषय यायचा 'माझा आवडता ऋतू', हे लिहायचे मंडीतल्या एका म्हाताऱ्या बैलाबद्दल. विषय यायचा 'आरसा', हे लिहायचे रामटेकच्या पायऱ्या चढताना मेहुणीला, म्हणजे माझ्या बायकोला, धाप लागली तेव्हा काय झालं ते. सगळं आपल्या वऱ्हाडीत, जसं बोलतात तसंच, मध्येच 'थांबा, चहा आला' हेही टाकलेलं. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच ओळ, 'बोला, कोनाले पाहिजे?'

इथपर्यंत ठीक होतं. पण लेख टाकून झाला की साडभाऊ गाडी काढायचे आणि कुणाच्या तरी घरी जाऊन तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. रोज वेगळं घर. मुलीनं फोनवर परोपरीनं सांगितलं, बाबा, लोक आपापल्या मोबाइलवर वाचतात, तुम्हाला जावं लागत नाही. त्यांना ते पटेचना. जन्मभर ज्यानं माल पुकारून विकला, त्याला नुसता मांडून ठेवलेला माल विकला जातो हे कसं पटावं? मला म्हणाले, "पुकारल्याशिवाय माल उठते का जी कधी?" त्यामुळे सकाळी ते कुणाच्या दारात उभे राहतील याचा नेम राहिला नाही. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोर वाचलं. बँकेत पासबुकाच्या रांगेत वाचलं. बसून वाचणं त्यांना जमत नसे. उभे राहायचे, एक हात वर, आवाज फाटलेला, पण चढउतार सगळे जागच्या जागी. त्यांच्या बाजूच्या घरातल्या गृहस्थांशी भिंतीवरून कधीकाळी भांडण झालेलं, बोलणं बंद. त्या भिंतीवरच एक दिवस लेख लिहिला आणि तो घेऊन थेट त्यांच्याच दारात. गृहस्थ आधी दार अडवून उभे होते. लेख संपेपर्यंत दारातून बाजूला झाले, आणि साडभाऊ आत जाऊन चहा पिऊन आले. भिंत कुणाच्या जागेत आहे ते अजून ठरलेलं नाही.

माझ्याकडे आले तेव्हा मी जरा घाईत होतो, गॅसची टाकी संपलेली, बायको करवादलेली. साडभाऊंनी मोबाइल काढला तसा मी म्हणालो, "साडभाऊ, मी सकाळीच वाचला हो. फार छान झालाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, जरा नवलानं. म्हणाले, "वाचला न. आयकला कुठी?" मी टाकीचं राहू दिलं आणि समोर बसलो. लेख माझ्या लग्नातल्या पंगतीवरचा होता. मी हसलो, बायको स्वयंपाकघरातून येऊन हसली, आणि मध्येच एका वाक्याला त्यांचा आवाज पार गेला. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि पूर्ण केलं.

ताईंचा या सगळ्याला सक्त विरोध होता. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून बजावलेलं, आणि हा गृहस्थ गावभर पुकारत फिरतोय. त्या काढा उकळून ठेवायच्या, गाडीची चावी लपवायच्या. मी एकदा गेलो तर दोघांचं चाललेलंच होतं. साडभाऊ म्हणत होते, "वाचवून ठेवू कोनासाठी वं? महिन्यानं तर फेकूनच द्यायचा आहे." ताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साऱ्या लोकायले वाटून राहिले तुम्ही. घरच्यायसाठी काही ठेवान का नाही?" साडभाऊंनी काढ्याचा पेला उचलला आणि निमूट संपवला. असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा गाडी निघालीच, आणि आवाज दिवसेंदिवस उतरत गेला. ऐकणारे आता खुर्ची पुढे ओढून बसू लागले होते.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. दुपार झाली तसा मुलीचा फोन आला. पुण्याहून निघून गाडीत होती, संध्याकाळी पोहोचणार होती. "काका, बाबांचा लेख आला नाही. एकही दिवस चुकले नाहीत, आज शेवटच्या दिवशी नाव कटेल. फोनही उचलत नाहीत. जाऊन बघता का?" तसाच निघालो. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मागच्या अंगणात उन्हाला सतरंजी टाकून ताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि त्यांच्या अगदी जवळ सरकून साडभाऊ बोलत होते. आवाज कसला, नुसती फुसफुस. ताई कान त्यांच्याकडे करून ऐकत होत्या. मोबाइल शेंगांच्या टोपल्यात उताणा पडला होता आणि वाजून वाजून थांबत होता. साडभाऊंनी मला पाहिलं. बोलणं न थांबवता त्यांनी हातानं मला खूण केली, जा. मी आल्या पावली फिरलो. मुलीला फोन करून सांगितलं, तुझे बाबा ठणठणीत आहेत, आज लेख यायचा नाही. ती म्हणाली, "आई आहे ना जवळ?" मी म्हणालो, "आईजवळच आहेत."

गटानं नियमाप्रमाणे नाव काढलं. प्रमाणपत्र मिळालं नाही, मुलगी हळहळली. ऑपरेशन चांगलं झालं. साडभाऊ आता बरे आहेत, गळ्याशी बारीक जाळीचा रुमाल बांधतात, श्वास तिथल्या छिद्रातूनच घेतात. लेखही लिहितात अधूनमधून. लिहिला की येऊन मोबाइल माझ्या हातात देतात आणि मी मोठ्यानं वाचतो. माझं वाचणं त्यांना पसंत नाही. घाई केली की हात वर करतात, सपाट वाचलं की कपाळाला लावतात.

परवा मी ताईंना विचारलंच. त्या दिवशी दिवसभर ते काय बोलत होते? ताई हसल्या. म्हणाल्या, "काय सांगू भाऊजी, ते काही सांगण्यासारखं नाही. माह्यं होतं ते." मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, "संध्याकाळी म्हणे, आता माह्यं झालं, तू बोल. मले काही सुचेच नाही. इतक्या वर्षांत माह्या नंबरच नोता लागला न कधी."

"मग आता?" मी विचारलं.

"आता बोलून राहिली न मी. दिवसभर बोलते. ते आयकतात."

खरंच बोलतात त्या. अंगणात बसून माहेरच्या गोष्टी सांगतात, भाजीवाल्याच्या तक्रारी सांगतात, मध्येच हसतात. साडभाऊ समोर बसलेले असतात. कुठंतरी त्यांना मोडता घालायचा असतो, एखादी भर घालायची असते, ओठ उघडतात, आणि मग ते ओठ मिटून घेतात आणि ताईंकडे बघत राहतात. मी शेजारी चहा पीत असतो. ताईंचं बोलणं मला आवडतं, अगदी मनापासून आवडतं. पण साडभाऊंचा तो फाटलेला, साऱ्या गल्लीला उठवणारा आवाज मला फार आठवतो, आणि तो आठवला की मी चहा टाकून उठतो आणि निरोप न घेताच फाटकाबाहेर पडतो.