परक्या यंत्रांतला मांडव

सासूबाई लग्नात धवले गायच्या. आमच्या खाडीकाठच्या गावांत मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि एकही कागदावर नाही. त्या शब्द विसरू लागल्या तेव्हा मी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायला घेतला. हौस म्हणून नाही. करणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्यासाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळालं. देशोदेशीची माणसं आपापल्या फावल्या वेळात ते चालवतात. वर आवाजाची रेघ लाटेसारखी सरकते, खाली शब्द लिहायचे, प्रत्येक ओळ तिच्या क्षणाला बांधायची. दुपारी भरती बांधापर्यंत यायची, खिडकीतून उजेड हलायचा, आणि चढतंय ते पाणी की सासूबाईंचा आवाज, हे मला कित्येकदा कळायचं नाही. सहा वर्षांत एकेचाळीस गाणी झाली.

मग कॉम्प्युटर बिघडला. नव्यावर जुनी आवृत्ती चालेना, आणि नवीत गाणी उघडली ती विस्कटलेली. जोडाक्षरं फुटली होती, ओळी घसरून भलत्याच सुरांखाली गेल्या होत्या. कुठला शब्द कुठला, हे सासूबाईंनाही आता सांगता येईना. पुतणीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि गावातल्या गाणाऱ्या बायका माझ्याकडून धवले शिकायला येणार होत्या.

"वहिनी, फुकटातलं घेतलंस ना?" दीर म्हणाले. "विकतचं असतं तर कंपनीला फोन तरी लावता आला असता."

"आणि कंपनीने उचलला असता?"

ते चहा प्यायला लागले.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मी माझ्या साध्या इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दुपारी उत्तर आलं: मराठी अक्षरं सांभाळणाऱ्या भागाकडे आता कोणी बघत नाही. बघणारा होता, तो दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कामाला लागला. मला रागच आला. मग खिडकीतून बांध दिसला आणि राग उतरला. आमची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे. उधाणाच्या दिवसांत घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन बांधावर जातो, लग्न होऊन आले तेव्हापासून मीही जाते. इथे मात्र सहा वर्षं वापरलं आणि हे कोण सांभाळतं, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

मी परत लिहिलं: मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण कुठलं अक्षर कुठे मोडतं ते दाखवता येईल. आठ दुपारी बसून एकेक मोडकी ओळ टिपली. ती यादी एका बाईने उचलली. तिच्याकडे बर्फ पडत होता, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक आहे. दहा दिवसांनी गाणी उघडली तेव्हा प्रत्येक शब्द आपल्या सुराखाली होता.

तिने एकच मागितलं. एक गाणं सॉफ्टवेअरमध्ये कायमचं ठेवू का? नवी आवृत्ती निघायच्या आधी यंत्र ते उघडून बघेल. अक्षर मोडलं तर आवृत्ती तिथेच थांबेल.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या दिवशी त्या ताळ्यावर होत्या.

"तिकरं कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचंच नाही, आई. यंत्र नुसतं तपासून बघणार."

"मंग हलदीचा देऊ नको. नवरीबिगर हलद लावत न्हाय कोनी." मग स्वतःच म्हणाल्या, "मांडवाचा दे. मांडव कुठं बी घालता येतो."

मी मांडवाचा पाठवला. पुतणीच्या लग्नात बायकांनी कागद धरून सगळे धवले म्हटले, दोन ठिकाणी चुकल्या. सासूबाई खुर्चीत बसून हसत होत्या.

त्यानंतर प्रत्येक नवी आवृत्ती मी आधी गाण्यांच्या जुन्या कॉपीवर चालवून बघते आणि त्या बाईला कळवते. त्यात दोन दुपारी जातात. हा भाग तपासणं आता माझ्याकडे आहे, असं सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत लिहिलंय. मी नसेन तेव्हाची सोय म्हणून पुतणी माहेरी आली की तिला बसवून शिकवते. ती कुरकुरते, पण बसते.

कधी वाटतं, आपण इथे मासे साफ करत असतो तेव्हा कुठल्या तरी थंड देशात, रिकाम्या खोलीत, एक यंत्र आमच्या दारचा मांडव पहिल्या मेढीपासून घालत असेल, ओळीमागून ओळ, माणूस नाही की वाजंत्री नाही, आणि सगळं नीट बसलं की गप्प होत असेल.

परवा नवी आवृत्ती तपासत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. आता त्यांना स्वतःचा आवाज ओळखू येत नाही.

"कोन गातंय?"

"आहे एक बाई."

त्या ऐकत राहिल्या. "गला बरा हाय," म्हणाल्या. "पन घाई करतेय. शिकव तिला."

मी बरं म्हटलं आणि पुढचं गाणं उघडलं.