पाय लागलेलं पुस्तक

आज आमच्या संशोधकांच्या खोलीत माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या हानाचा पाय खाली पडलेल्या एका पुस्तकाला लागला. ती वाकली, पुस्तकाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि पुन्हा कामाला लागली.

मी पीएचडीसाठी परदेशात नुकतीच आले आहे. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून हे आपसूक झालं, तेव्हा हिनेच विचारलं होतं, "डोकं दुखतंय का?" घरी हे वळण बाबांनी लावलेलं. उन्हाळ्यात ते गेले. आता टोकणारं कुणी नाही, तेव्हा अशा सवयी इथे एकेक करून सुटतील, अशी मला भीती होती. पण सवयींनाही माणसांसारखा शेजार लागत असावा. समोरच्या टेबलावरून कुणी कुतूहलाने बघत असलं, तरी त्या तग धरतात.

"बरोबर केलं ना?" हानाने विचारलं.

"हो. पण पुस्तक जाड असेल तर दोनदा करतात."

तिने पुस्तकाची जाडी पाहिली आणि मुकाट्याने पुन्हा नमस्कार केला. मला हसू आवरेना. मग तिच्याही लक्षात आलं आणि तिने हातातलं खोडरबर मला फेकून मारलं.

बाबा गेल्यानंतर मी केलेली ही पहिली थट्टा.