हाजींच्या तळ्यातली मुकी चाकं

पिनरांगच्या खाजणात बेस्सेला कोण ओळखत नाही? कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर वाढलेली, मकास्सर शहरात जाऊन प्रोग्राम लिहायला शिकली आणि परत चिखलातच आली. हाजी लाग्गांच्या तळ्यातली प्राणवायूसाठी पाणी घुसळणारी चाकं तिच्याच प्रोग्रामवर फिरायची.

या आठवड्यात ती चाकं तिसऱ्यांदा आपोआप थांबली होती. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. कोळंबी श्वासासाठी वर येऊन काठाशी मिशा हलवत होती.

"पोरी, तुझं यंत्र झोपलं का मेलं?" बांधावरून हाजी ओरडले. "हातानं चालू केलीत मी. आता थांबली तर तुझा हा यंत्राचा डबा खाडीत!"

"फेका. पण का थांबतात ते तर कळू द्या!"

"डबा सगळं लिहून ठेवतो म्हणालीस ना? वाच की मग!"

तिथंच तर घोडं अडलं होतं. लॉगची, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची, फाइल बनलीच नव्हती.

झोपडीत तिनं लॅपटॉपवर कोड उघडला. चार फाइली: सेन्सरची, चाकांची, पंपाची आणि सगळ्यांना हाकणारी मुख्य. प्रत्येकीच्या डोक्यावर तिनंच लॉगची मांडणी चिकटवलेली. सेन्सरची फाइल आधी सुरू व्हायची, आणि तिचं म्हणणं, फक्त मोठं संकट सांगायचं, तेही पडद्यावर. ज्यात प्रोग्राम लिहिलेला तो पायथन पहिलीचंच ऐकतो. बाकीच्यांचं कानाआड टाकतो आणि तसं सांगतही नाही. डब्याचा पडदा तर हाजींच्या जावयानं फुटबॉल बघायला नेलेला!

"हात मोडो माझा," ती पुटपुटली. तीन फाइलींतली मांडणी तिनं उपटली. त्यांनी फक्त आपापल्या नावाचा लॉगर, म्हणजे नोंद करणारा, मागायचा. मांडणी एकदाच, मुख्य फाइलीत: बारीकसारीक सगळं फाइलीत लिही, वेळेसकट, बोलणाऱ्याच्या नावासकट.

प्रोग्राम पुन्हा चालू झाला. केळीच्या पानात बांधलेला बुरासाचा भात हातातच राहिला. तिची नजर ओळींवरनं हलेना.

पुढची ओहोटी लागली तसं हाजींनी बांधाचं दार उचललं. ओहोटीला जुनं पाणी सोडायचा त्यांचा नेमच. पाणी उतरत गेलं, आणि चाकं गपकन थांबली.

"गेली बघ! आण तो डबा!"

ती वाचत होती. सेन्सर: प्राणवायू भरपूर. चाकं: गरज नाही, बंद.

भरपूर? अन् कोळंबी तडफडतेय? ती धावली. खुंटीला बांधलेला सेन्सर पाण्यावर लोंबत होता.

"हाजी, हा वरची हवा मोजतोय! तुम्ही दार उचललं की हा उघडा पडतो."

"म्हंजे चूक माझी?"

"खुंटीला मीच बांधलाय. भांडण मागनं, आधी तो रिकामा कॅन द्या!"

कमरेचं सारोंग खोचून हाजी स्वतः पाण्यात उतरले. पाण्याबरोबर खाली-वर व्हावा म्हणून सेन्सर तरंगत्या कॅनखाली बांधला, आणि चाकं पुन्हा घरघरली. दोघंही काठाकडं बघत राहिली. हळूहळू एकेक मिशी पाण्याखाली गेली.

"खाडीतले मासे वाचले," हाजी म्हणाले. "तुझा डबा पडला असता तर मेले असते बिचारे."

"जावयाकडनं पडदा आणा," बेस्से म्हणाली आणि गार भात खायला बसली.